३०० दिरहमांत मासेमारीचा रॉड

रॉडच्या मुठीपासून वीतभर वर, दांड्यावर बारीक अक्षरांत दोन-तीन आकडे छापलेले असतात. रॉड किती मीटर लांब आहे, त्याने किती ग्रॅम वजन फेकायचं आहे आणि किती ताकदीचा तंगूस त्याला मानवतो, एवढी माहिती त्या एका ओळीत असते. दुबईच्या किंवा अबुधाबीच्या दुकानात शिरलेलं नवखं गिऱ्हाईक आधी किमतीची चिठ्ठी उलटून पाहतं, मग दांड्यावर ‘कार्बन’ हा शब्द शोधतं. ग्रॅमच्या आकड्याकडे त्याची नजर गेलीच तर अगदी शेवटी जाते. रॉड, रीळ, तंगूस, गळ आणि शिसं या सगळ्यासाठी मिळून ज्याच्याकडे ३०० दिरहम आहेत, म्हणजे आजच्या भावाने साधारण सात हजार रुपये, त्याने हा क्रम उलटा करायला हवा. ग्रॅम आधी पाहावेत, मग कड्या आणि सांधे, आणि कार्बनचा विचार सगळ्यांत शेवटी करावा.

रॉड ही मुळात एक स्प्रिंग आहे. फेकताना टोकाला लटकलेल्या वजनामुळे दांडा मागे वाकतो, त्यात ताण साठतो आणि सरळ होताना तोच ताण वजनाला पुढे भिरकावतो. १०० ग्रॅमसाठी घडवलेल्या जाड दांड्याला २० ग्रॅमचं शिसं लावलं तर तो वाकतच नाही, आणि सगळा जोर खांद्याला लावावा लागतो. उलट ३० ग्रॅमच्या नाजूक रॉडला १०० ग्रॅम लटकवून जोरात फेकलं तर तो फेकतानाच तुटू शकतो, मासा लागण्याची वाटही पाहत नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर पक्कं हवं: आपण उभे कुठे राहणार आहोत?

संयुक्त अरब अमिरातीत या प्रश्नाची उत्तरं एकमेकांपासून फार वेगळी आहेत, कारण या देशाला दोन समुद्र आहेत. अबुधाबी, दुबई, शारजा, अजमान, उम्म अल कुवैन आणि रास अल खैमा यांचा मुख्य किनारा आखातावर आहे. हे आखात फार उथळ आहे. त्याची सरासरी खोली ३५ मीटरच्या आसपास भरते, आणि अमिरातीच्या बाजूला तर कित्येक ठिकाणी किनाऱ्यापासून बरंच आत गेलं तरी पाणी कमीच राहतं. वाळूचे पट्टे, खाड्या, अबुधाबी आणि उम्म अल कुवैनच्या तिवरांची दलदल असा हा प्रदेश आहे. पूर्वेकडे चित्र पालटतं. फुजैरा ही पूर्णपणे ओमानच्या आखातावरची अमिरात. शारजाच्या ताब्यातली खोर फक्कान आणि कल्बा ही गावंही तिच्याच अंगाला आहेत. तिथे हजर डोंगर थेट समुद्राला भिडतात आणि खोल पाणी किनाऱ्याच्या जवळ येतं. होर्मुझच्या सामुद्रधुनीने जोडलेल्या या दोन पाण्यांत मासे वेगळे, प्रवाह वेगळे, म्हणून रॉडही वेगळा लागतो.

दुबईची खाडी, एखादा बंदराचा धक्का किंवा दगडी बांध इथे उभं राहायचं असेल तर लांब फेकण्याची गरज क्वचितच पडते. मासा बांधाच्या पायाशी, दगडांच्या सावलीत असतो. शेरी, साफी, ब्रीमच्या जातीचे चपटे मासे यांच्यासाठी १५ ते ४० ग्रॅम वजन पेलणारा, २.४ ते २.७ मीटर लांबीचा रॉड पुरतो. कोळंबीचा तुकडा, माकूल किंवा तारली लावून शिसं हळूच सोडायचं. साफीला पिठाचा गोळाही चालतो. इथे एक इशारा द्यायलाच हवा, कारण नवखी माणसं हमखास फसतात. साफीच्या परांचे काटे विषारी असतात. ते टोचले तर तासन् तास ठणका लागतो, म्हणून हा मासा उघड्या हाताने धरू नये.

उघड्या वाळूच्या किनाऱ्यावरून फेकायचं असेल तर हिशेब बदलतो. वायव्येकडून येणारा ‘शमाल’ वारा आखाताच्या किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी समोरूनच अंगावर येतो. त्या वाऱ्यात आणि लाटांच्या पलीकडे आमिष टिकवायला ८० ते १५० ग्रॅम शिसं आणि ३.६ ते ४.२ मीटरचा लांब रॉड लागतो. फुजैरा-दिब्बाच्या दगडांवरून ट्रेवली, क्वीनफिश, बाराकुडा यांच्यासाठी धातूचे चमकते ल्युअर फेकायचे तर ३० ते ६० ग्रॅमचा जरा ताठ रॉड बरा. दातेरी माशासाठी गळाच्या वर तारेचा तुकडा हवाच. बोटीतून खोल पाण्यात सरळ खाली गळ सोडणाऱ्यांना मात्र १.८ ते २.१ मीटरचा आखूड, दणकट रॉडच सोयीचा. त्यांना फेकायचंच नसतं.

या चारही कामांना पुरणारा रॉड बनत नाही. ३०० दिरहमांत दोन रॉड घ्यायचा मोह टाळावा आणि ज्या ठिकाणी महिन्यातून सर्वांत जास्त वेळा जाणं होईल त्याच ठिकाणचा एक रॉड घ्यावा. शहरात राहणाऱ्या आणि शनिवार-रविवारच्या सुट्टीत घराजवळच्या बांधावर जाणाऱ्या बहुतेकांसाठी ती निवड २.४ ते २.७ मीटर आणि १५ ते ५० ग्रॅम या पट्ट्यात येते.

लांब रॉड म्हणजे जास्त मासे हा समज मात्र सोडून द्यावा. लांबी फेकीला मदत करते, पण मासा ओढताना तीच लांबी माशाच्या बाजूने काम करते. समजा २.४ मीटर लांबीचा रॉड अजिबात वाकत नाही आणि त्याच्या टोकाशी मासा काटकोनात ३ किलोच्या जोराने ओढतो आहे. खालचा हात बुडाशी आणि वरचा हात त्यापासून ४० सेंटिमीटरवर असेल, तर वरच्या हाताला जवळजवळ १८ किलोचा जोर लावावा लागतो. रॉड ४.२ मीटरचा असेल तर हाच जोर ३१ किलोंच्या वर जातो. प्रत्यक्षात रॉड वाकतो, टोक हाताच्या जवळ येतं, तरफ आखूड होते आणि हाताला आराम पडतो. चांगला रॉड वाकला पाहिजे तो यासाठी. ताठ रॉड हातात घेऊन हलवताना दुकानात रुबाबदार वाटतो, पण त्या रुबाबाची किंमत मनगट मोजतं.

आता कार्बनकडे वळायला हरकत नाही.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत पाश्चात्य देशांतले चांगले रॉड चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या टोंकिन बांबूच्या पट्ट्या चिकटवून बनत. युद्धात तो बांबू मिळेनासा झाला. त्याच दशकात अमेरिकेतल्या आर्थर हॉवल्ड या रसायनतज्ज्ञाने काचेच्या तंतूंपासून रॉड घडवण्याची पद्धत शोधली आणि शेक्सपिअर कंपनीने ती बाजारात आणली. कार्बन तंतूंचं मोठं संशोधन १९६० च्या दशकात ब्रिटनमधल्या फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात झालं, आणि १९७३ मध्ये अमेरिकेच्या फेनविक कंपनीने कार्बनचा रॉड विकायला काढला. तीनच वर्षांनी, १९७६ मध्ये, शेक्सपिअरने ‘अग्ली स्टिक’ आणला. काच आणि कार्बन दोन्ही एकत्र वापरणारा हा रॉड दिसायला साधा, पण तुटायला फार अवघड. त्याच नावाचे रॉड आजही बनतात, कारण त्यामागचा विचार पक्का होता.

हा विचार तंतूंच्या गुणांत आहे. साधा कार्बन तंतू काचेच्या तंतूपेक्षा सुमारे तिप्पट ताठ असतो आणि वजनाने जवळपास ३० टक्के हलका. त्यामुळे कार्बनचा रॉड बारीक, हलका आणि चपळ होतो. माशाने आमिषाला नुसतं तोंड लावलं तरी ते हाताला कळतं. दिवसभर ल्युअर फेकत राहणाऱ्याला हा हलकेपणा खरोखर मोलाचा आहे. पण दुसरी बाजूही पाहावी. काचेचा तंतू तुटण्याआधी चार टक्क्यांहून जास्त ताणला जातो, तर कार्बनचा दीड-दोन टक्क्यांतच हार मानतो. शिवाय पातळ भिंतीच्या कार्बन नळीला दगडाचा किंवा शिशाचा एखादा फटका बसला की आतल्या थरांत न दिसणारी चीर पडते. रॉड त्या दिवशी तुटत नाही, पुढे कधीतरी बरा मासा लागल्यावर तुटतो. मालकाला वाटतं, माशाने तोडला.

दगडी बांधावर रॉड पडतो, गाडीच्या दारात सापडतो, मुलांच्या हातात जातो. अशा वापरासाठी आणि अशा बजेटमध्ये फायबरग्लासचा किंवा काच-कार्बन मिश्रणाचा, म्हणजे ‘कॉम्पोझिट’ रॉड घेण्यात कसलाही कमीपणा नाही. किंबहुना पहिला रॉड तोच असावा. दांड्यावर ‘आयएम सिक्स’, ‘आयएम एट’ असं लिहिलं असेल तर त्यावर पैसे मोजू नयेत. ही मुळात हेक्सेल या एका कंपनीच्या तंतूंची नावं आहेत आणि बाजारात ती कुणीही, कशावरही छापतो. ‘२४ टन’, ‘३० टन’ हे आकडे तंतूचा ताठपणा सांगतात, मजबुती सांगत नाहीत. २४ टन म्हणजे अगदी नेहमीचा कार्बन. त्याहून मोठा आकडा म्हणजे जास्त ताठ आणि बहुतेक वेळा जास्त ठिसूळ.

स्वस्त रॉड खरा कुठे दगा देतो? दांड्यात क्वचित, कड्यांत नेहमी.

तंगूस ज्या कड्यांतून धावतो त्यांच्या आत गुळगुळीत चकती असते. चांगल्या रॉडला ती अॅल्युमिनियम ऑक्साइडची किंवा सिलिकॉन कार्बाइडची असते आणि बाहेरची चौकट स्टेनलेस स्टीलची. फारच स्वस्त रॉडला लोखंडी तारेवर क्रोमचा मुलामा देऊन वेळ मारून नेलेली असते. आखाताचं पाणी नेहमीच्या समुद्राहून खारट आहे. जगातल्या समुद्रांत एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, इथे ते ४० ग्रॅमच्या वर जातं. मुलामा उडतो, गंज चढतो, आणि त्या खरबरीत कडेवरून तंगूस घासत राहतो. ब्रेडेड लाइन वापरणाऱ्यांना तर हा प्रश्न दुप्पट छळतो. पॉलिथिलीनच्या तंतूंची ती विणलेली दोरी बारीक वाळू सोबत घेऊन धावते आणि मऊ धातूच्या कडीत खाच पाडते. एकदा खाच पडली की तीच खाच दोरी कापते.

कड्या तपासायला पैसे लागत नाहीत. कापसाचा बोळा प्रत्येक कडीच्या आतून फिरवावा. कुठे तंतू अडकला तर तिथे चीर किंवा खरबरीत कड आहे. मग दोन-तीन मीटर दोरा कड्यांतून ओवून दुकानातल्या माणसाला टोक धरायला सांगावं आणि रॉड हळूहळू वाकवावा. दोऱ्याने दांड्याच्या वळणासोबत वळत गेलं पाहिजे. दोन कड्यांमध्ये तो दांड्यापासून फार दूर सुटत असेल किंवा दांड्याला घासत असेल, तर कड्या कमी बसवल्या आहेत. टोकाची कडी सोडून, जितके फूट लांबी जवळपास तितक्या कड्या, हा ढोबळ हिशेब बांधावरच्या रॉडला लागू पडतो. वाकवताना मूठ वर उचलत टोक उभं करू नये. तसं केलं की सगळा ताण टोकाच्या बारीक भागावर येतो, आणि असंख्य रॉड मासा वर घेताना याच चुकीने मोडतात.

सांधा हा दुसरा कच्चा दुवा. दोन भाग एकमेकांत घालून हलकेच पिळावेत आणि रॉड झटकून पाहावा. टिक-टिक आवाज आला किंवा सांध्यात खेळ जाणवला तर तो रॉड जागेवर ठेवून द्यावा. एक डोळा मिटून बंदुकीसारखी नजर लावली की दांडा सरळ आहे का आणि कड्या एका रेषेत आहेत का ते कळतं. रीळ बसवायच्या जागेचा स्क्रू घट्ट आवळल्यावर रीळ हलता कामा नये. एकाच किमतीच्या, एकाच कंपनीच्या दोन रॉडमध्येही या बाबतीत फरक सापडतो, म्हणून स्वस्त रॉड घरबसल्या मागवण्यापेक्षा हातात घेऊन निवडलेला बरा.

दुर्बिणीसारखे आत सरकणारे टेलिस्कोपिक रॉड बॅगेत मावतात म्हणून खूप खपतात. या देशात ते शेवटचा पर्याय म्हणून ठेवावेत. वाळू आणि मीठ प्रत्येक सांध्यात शिरतं, भाग अडकतात, जोर लावून सोडवताना फुटतात. दोन तुकड्यांच्या रॉडला सांधा एकच असतो. टेलिस्कोपिकला पाच-सहा असतात, आणि त्यातला प्रत्येक साफ करावा लागतो.

३०० दिरहमांची वाटणी कशी करावी? निम्म्याहून थोडे कमी रॉडला, साधारण तेवढेच रिळाला आणि उरलेले ५०-६० तंगूस, गळ, शिसं, स्विव्हल यांना. रीळ ३००० किंवा ४००० आकाराचं घ्यावं. त्याच्यात किती बेअरिंग आहेत हा जाहिरातीतला आकडा बाजूला ठेवून ड्रॅग, म्हणजे रिळातला ब्रेक, तपासावा. दोरा ओढल्यावर तो अडखळत न सुटता एकसारखा सुटला पाहिजे. मासा मोठा निघाला तर रॉड आणि तंगूस दोन्ही वाचवतो तो हाच. सुरुवातीला ०.३० ते ०.३५ मिलिमीटरचा साधा नायलॉन तंगूस उत्तम. तो ताणला जातो, झटका सोसतो, आणि दगडावर तुटला तर फार पैसे जात नाहीत.

जुन्या वस्तूंचा बाजार इथे खास महत्त्वाचा आहे. अमिरातीतल्या लोकसंख्येपैकी दहातले जवळपास नऊजण परदेशी. नोकरी संपली की माणसं घर आवरतात आणि मासेमारीचं सामान निम्म्याहून कमी भावात विकून जातात. डुबिझलसारख्या जुन्या वस्तूंच्या संकेतस्थळावर नव्या स्वस्त रॉडच्या किमतीत वापरलेला पण वरच्या दर्जाचा रॉड मिळू शकतो. मात्र रीळ जुनं घेताना ते कानाशी धरून फिरवावं. आत मीठ गेलं असेल तर खरखर ऐकू येते, आणि ते उघडून साफ करण्याचा खर्च बचत खाऊन टाकतो.

आणि ३०० दिरहमही नसतील तर? मग हातदोरा आहेच. प्लॅस्टिकच्या चक्रावर गुंडाळलेला शंभर मीटर तंगूस, एक शिसं, दोन गळ. आखातातले कोळी पिढ्यान् पिढ्या असेच मासे काढत आले, आणि रत्नागिरी, दापोली, श्रीवर्धन, मुरूडच्या बाजूने आखातात गेलेल्या कोकणी माणसांना गरी टाकणं कुणी शिकवावं लागत नाही. बांधावरून पायाशी सोडायचं असेल किंवा बोटीत बसायचं असेल तर हातदोरा कोणत्याही स्वस्त रॉडपेक्षा जास्त प्रामाणिक काम करतो.

परवान्याचा खर्चही बजेटमध्ये धरायला हवा. अबुधाबीत हौशी मासेमारीला तिथल्या पर्यावरण संस्थेचा परवाना लागतो. आठवड्याचे ३० आणि वर्षाचे १२० दिरहम असा त्याचा दर राहिला आहे. प्रत्येक अमिरातीचे नियम आणि बंदी असलेल्या जागा वेगळ्या, म्हणून निघण्याआधी त्या पाहून घ्याव्यात. शेरी आणि साफी यांच्या विणीच्या काळात, १ मार्च ते ३० एप्रिल, ते पकडायला आणि विकायला बंदी असते. हमूर, म्हणजे आपल्याकडचा हेकरू, ४५ सेंटिमीटरहून लहान असेल तर सोडून द्यावा लागतो. या नियमांमागे कारण आहे. हमूर आणि शेरी यांची अबुधाबीच्या पाण्यातली संख्या अतिमासेमारीने फार घटली आणि २०१९ मध्ये तिथे ‘गरगूर’ हे तारेचे घुमटाकार पिंजरेही बंद करण्यात आले. रॉडवाल्याचा मासा एक-दोन असतो हे खरं, पण पाच-दहा दिरहमांची मोजपट्टी पिशवीत ठेवण्याइतकी जबाबदारी त्याचीही आहे.

घेतलेला रॉड टिकवणं हीसुद्धा बचतच. प्रत्येक वेळी घरी आल्यावर रॉड आणि कड्या गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली धुवाव्यात. रिळावर जोराचा फवारा मारू नये, त्याने मीठ आत ढकललं जातं. उन्हाळ्यात रॉड गाडीच्या डिकीत ठेवू नये. टोकाची कडी बहुतेक रॉडना गरम करून वितळणाऱ्या गोंदाने बसवलेली असते आणि बंद गाडीतल्या उष्णतेने तो गोंद मऊ पडतो. टोक निखळलंच तर घाबरायचं कारण नाही. तोच गोंद पुन्हा तापवून, कडी बाकीच्या रेषेत बसवून काही मिनिटांत काम होतं. दुकानदार त्यासाठी नवा रॉड सुचवत असेल तर नको म्हणावं.

सुट्टीत हाच रॉड गावी नेण्याचा बेत असेल तर खरेदीच्या वेळीच तुकड्यांचा विचार करावा. २.४ मीटरचा दोन तुकड्यांचा रॉड १.२ मीटरहून थोडा लांब राहतो आणि विमानात पीव्हीसीच्या नळीतून वेगळा द्यावा लागतो. चार तुकड्यांचा रॉड ६५ सेंटिमीटरच्या आत येतो आणि मोठ्या सूटकेसमध्ये कपड्यांत बसतो. गळ आणि सुरी हातातल्या बॅगेत ठेवू नयेत. १५ ते ५० ग्रॅमचा तो रॉड कोकणातल्या खाडीच्या तोंडाशी जिताड्यासाठीही चालतो, फक्त रिळातला तंगूस गावी जाऊन नवा भरावा. आखाताच्या उन्हात वर्ष काढलेलं नायलॉन दिसायला ठीक असलं तरी गाठीशी तुटतं.